कापड कुठलंही चालेल म्हणे!

गेल्या आठवड्यात हापिसात एक मीटिंग झाली. आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी "नवीन कल्पना मांडा" नावाचा एक सोहळा असतो. जिंकणाऱ्याला कंपनीचा टी-शर्ट मिळतो आणि तो पुढे गाडी पुसायला वापरला जातो. असो. तर ह्या वेळी एका चमूने 'स्मार्ट बनियन' मांडला. अंगाला घट्ट बसणारा, विणलेला, आणि सेन्सर कापडातच. श्वास मोजणार, हृदयाचे ठोके मोजणार, तुम्ही वाकून बसलात की फोनवर ओरडणार. एकूण २२ स्लाईड्स. त्यातल्या १९ ॲप, क्लाऊड आणि एआयच्या, दोन बाजारपेठेच्या, आणि उरलेल्या एकीवर बनियनचं चित्र. त्या चित्राखाली एक ओळ होती: "कापड: कुठलंही चालेल."

मागून कोणीतरी विचारलं, धुतल्यावर काय होतं? उत्तर आलं, "ते आपण सॉफ्टवेअरमध्ये बघून घेऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या.

वर्षभरापूर्वी मीही डोलावली असती. पण ह्याच वाक्याने माझ्या घरात काय केलं ते मी पाहिलंय. म्हणून आजचा लेख. जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

माझं गाव लोधिवली. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर, चौकजवळ. ट्रेकवाल्यांना इर्शाळगड माहीत असेल, त्या बाजूचं. (इर्शाळच्या सुळक्यात आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. नेढं म्हणजे सुईचं भोक. आमच्या डोंगरालासुद्धा दोरा ओवता येतो!) ह्या पट्ट्याचा आणि सुताचा संबंध जुना आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आणि त्याच वर्षी इकडे पाताळगंगेच्या काठाला रिलायन्सचा पॉलिएस्टर फिलामेंटचा कारखाना सुरू झाला, ड्यूपाँटचं तंत्रज्ञान घेऊन. तिकडे कापसाच्या सुताची चक्रं थांबली आणि इकडे प्लॅस्टिकचं सूत निघायला लागलं. दोन्हींचा थेट संबंध जोडणं घाईचं होईल, पण लहानपणी मला तो योगायोग फार गूढ वाटायचा.

बाबांनी रसायनीकडच्या एका सुताच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्वालिटीच्या खोलीत. बॉबिनवरून ठरावीक लांबीचं सूत काढायचं, वजन करायचं, डेनियर लिहायचा. ९००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. दुकानात स्वेटर हातात घेतला की किंमत बघायच्या आधी बाबा दोन बोटांत धागा चोळून बघायचे. मला तेव्हा भयंकर लाज वाटायची.

मागच्या पावसाळ्यात बाबांचा दमा उफाळला. चार दिवस हॉस्पिटलात काढून घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं, रात्री झोपेत श्वास मोजत जा. धडधाकट माणसाचा मिनिटाला १२ ते २० असतो. ह्यांचा २५ च्या वर जायला लागला तर लगेच फोन करा. आई घड्याळ घेऊन उशाशी बसायला लागली. दोन रात्री हे बघितलं आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. हे काय अश्मयुग आहे का? विणलेला सेन्सर करू की!

जालावरून चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्याचा रीळ मागवला. किंमत ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात पैंजण झालं असतं." विणायचं काम अर्थातच तिच्याकडे. तिने रीळ हातात घेतला आणि तीन प्रश्न विचारले. कुठल्या सुयांवर? वीण कुठली? हात घट्ट ठेवू की सैल?

मी लॅपटॉपमधून मान न काढता म्हणालो, "कुठलंही चालेल गं."

आता इथे थोडा तांत्रिक भाग. कंटाळू नका, सगळं भांडण ह्यातच आहे. मराठीत आपण हातमागावरच्या कापडालाही 'विणलं' म्हणतो आणि आजीच्या स्वेटरलाही 'विणला' म्हणतो. पण ह्या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांवरून-खालून जातात. कापड फारसं ताणलं जात नाही. सुयांवर, किंवा होजिअरीच्या मशीनवर, एकच धागा फास घेत घेत पुढे जातो, प्रत्येक फास आधीच्या ओळीतल्या फासातून ओढलेला. म्हणून बनियन ताणतो आणि शर्ट फाटतो.

हा धागा वीज वाहून नेणारा असेल तर मजा सुरू होते. वीज धाग्याच्या लांबीतून तर जातेच, पण दोन फास जिथे एकमेकांना टेकतात तिथून आडवाटेनेही जाते. कापड ताणलं की हे टेकण्याचे बिंदू दाबले जातात, सरकतात, काही सुटतात. त्याबरोबर कापडाचा विद्युत रोध बदलतो. छाती फुगली, पट्टा ताणला, रोध बदलला: झाला श्वासाचा सेन्सर. पण रोध वाढेल की कमी होईल, किती बदलेल, ताण गेल्यावर पूर्वीच्या जागी येईल की नाही, हे कोण ठरवतं? टाका ठरवतो. टाक्याची लांबी, धाग्याची जाडी, सोबत लवचिक दोरा आहे की नाही, आणि विणणाऱ्याचा हात. म्हणजे कापडावर सेन्सर लावलेला नसतो, कापडच सेन्सर असतं. सर्किटचा आराखडा आईच्या हातात होता आणि मी तिला सांगितलं, कुठलाही चालेल.

तिने मग तिच्या नेहमीच्या १० नंबरच्या सुयांवर साध्या विणीचा पट्टा विणला. मी तो एका छोट्या बोर्डाला जोडला. विदा यायला लागला, आणि तो भयंकर होता. पातळी सतत सरकणारी, मध्येच उड्या, मध्येच संपर्क गायब. पण मी थोडाच घाबरतो? आपण सॉफ्टवेअरवाले! एक फिल्टर टाकला: मिनिटाला १० ते ३० ह्या दरम्यानची हालचाल तेवढी ठेवायची, बाकी फेकायची. त्यावर एक गुळगुळीत करणारा फिल्टर. संपर्क तुटला तर मागच्या श्वासांवरून अंदाज करून भोकं बुजवणारा कोड. शनिवारी संध्याकाळपर्यंत फोनवर इतका सुंदर निळा आलेख उमटायला लागला की मी त्याचा फोटो मित्रांना पाठवला. आईला म्हणालो, आज झोप तू निवांत.

रात्री पावणेतीनला मी पाणी प्यायला उठलो. फोनवर आकडा: १६. आलेख शांत, एकसारखा. आणि बाबा ओटीवर खुर्चीत, गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसलेले. बोलता येत नव्हतं. मी घड्याळ लावून मोजले: २८. पट्टा कुठे होता? पलंगावर. टोचतो म्हणून त्यांनी तासाभरापूर्वी काढून ठेवला होता.

रिकाम्या गादीवर पडलेला पट्टा मिनिटाला १६ श्वास घेत होता.

डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे नेब्युलायझर लावला, पहाटेपर्यंत बाबा सावरले. नंतर बसून शोधलं काय झालं ते. पंख्याच्या वाऱ्याने सैल टाके हलत होते, त्याचा गोंगाट आत जात होता. कुठलाही गोंगाट अरुंद फिल्टरमधून गाळला की जे उरतं ते लाटेसारखंच दिसतं, आणि त्या लाटेचा वेग फिल्टरच्या मर्यादांमध्येच कुठेतरी असतो. मी श्वासाचा फिल्टर लिहिला होता, म्हणून बाहेर येणारी प्रत्येक गोष्ट श्वास होती. कोडमध्ये एकही बग नव्हता. हे मला अजून बोचतं.

सकाळी आईने पट्टा उचलला, दोन बोटांनी ताणला, सोडला. तो अर्धवटच परत आला. "हा बसणारच नाही, सैल आहे. मी विचारलं होतं तुला." तिने तो अख्खा उसवला. १२ नंबरच्या बारीक सुया घेतल्या, एक सुलट एक उलट अशी वीण धरली, धाग्याबरोबर इलास्टिकचा बारीक दोरा चालवला. विणून झाल्यावर मी लगेच वायरी जोडायला गेलो तर तिने हात मारला. "नवीन विणलेलं लगेच मापायचं नसतं. आधी भिजवायचं, आडवं वाळवायचं, मग ते आपल्या मापाला बसतं." नंतर वाचताना कळलं की मंडन नावाच्या संशोधकाने १९५९ साली हेच गणितात मांडलंय: विणलेलं कापड ताण सोडून स्थिरावलं की त्याची मापं प्रामुख्याने टाक्याच्या लांबीवर ठरतात. म्हणजे आईला मंडन येत होता आणि मला फक्त पायथन.

दुसऱ्या पट्ट्याचा कच्चा विदा बघितला. एकही फिल्टर न लावता श्वास डोळ्यांना दिसत होता. पट्टा काढला की सरळ रेष. मी आधीचा कोड जवळपास सगळा उडवला आणि तीन ओळी घातल्या: संपर्क नसेल तर आकडा दाखवू नकोस. आणि तरीही आई उशाशी बसतेच. बरोबरच आहे तिचं.

आता परत त्या २२ स्लाईड्सकडे.

तुम्ही म्हणाल, तू एक हौशी माणूस, एका रात्रीचा अनुभव, त्यावरून अख्ख्या क्षेत्राला कशाला झोडपतोस? बरं, क्षेत्राकडे बघू. स्मार्ट शर्ट म्हणून जगभर गाजलेलं पहिलं काम अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये १९९६ साली अमेरिकन नौदलाच्या पैशातून सुरू झालं. सैनिकाला गोळी लागली तर कुठे लागली हे कापडातले प्रकाशतंतू सांगणार, बाकीचे धागे नाडी सांगणार. त्यामागचे प्राध्यापक सुंदरेसन जयरामन. आपले भारतीय, आणि कापड अभियांत्रिकीचे. संगणकवाल्याने कापड शोधलं नाही, कापडवाल्याने संगणक आत घेतला. युरोपात २००२ मध्ये सुरू झालेल्या 'वेल्दी' प्रकल्पातही इलेक्ट्रोड आणि ताणाचे सेन्सर कपड्यातच विणून घेतले होते, वरून चिकटवलेले नव्हते.

आणि दुसरं टोक बघायचंय? गूगल आणि लिव्हाइजचं जॅकार्ड जॅकेट. २०१५ मध्ये प्रकल्प जाहीर झाला, २०१७ मध्ये जॅकेट बाजारात, किंमत ३५० डॉलर. बाहीवरून बोट फिरवलं की गाणं बदलायचं. सुरुवातीला धुण्याची मर्यादा सांगितली होती साधारण १० वेळा. दहा! आपल्याकडे दहा धुण्यांत पायपुसणंसुद्धा खराब होत नाही. २०२३ मध्ये त्याचं ॲप बंद झालं. जॅकेटं अजून कपाटांत लटकत असतील, चांगली मजबूत डेनिम आहे, पण बाही मुकी. कापडाचं आयुष्य वर्षांत मोजतात आणि ॲपचं आवृत्त्यांमध्ये. कापडाला ॲपच्या खुंटीला टांगलं की हे होणारच. आणि नाव काय घेतलं तर जॅकार्ड! १८०४ च्या त्या मागाच्या छिद्रांच्या पट्ट्यांवरून बॅबेजने आपल्या यंत्राची कल्पना उचलली. आपला धंदाच मुळात मागावरून सुटलेला दोरा आहे, आणि आपण कापडाला म्हणतो कुठलंही चालेल.

सॉफ्टवेअरने काहीच होत नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. हळूहळू सरकणारी पातळी कोडने वजा करता येते. हालचाल आणि श्वास वेगळे काढता येतात, दोन-तीन पट्टे असतील तर फारच छान. पण टाका सुटला तेव्हा माहितीच आली नाही. ती कुठल्याही मॉडेलला परत आणता येत नाही, फक्त रचता येते. घामातलं मीठ दोन वाहक धाग्यांच्या मध्ये साचलं, चांदी काळवंडली, धुताना मुलामा खरवडला, ह्यांतलं काहीही क्लाऊडमध्ये होत नाही. सगळं बादलीत होतं.

उलट माझं म्हणणं असं की आपली खरी गरज कापडाच्या आधी आहे. शिमा सेकी ही जपानी कंपनी १९९५ पासून अख्खा कपडा शिवणीशिवाय एका दमात विणणारी मशीन विकते. त्यात कुठल्या ओळीला कुठली सुई उचलायची, कुठला धागा आणायचा, टाका केवढा घ्यायचा, हे सगळं प्रोग्रॅममध्ये असतं. वाहक धागा फक्त बरगडीपाशी हवा, पाठीला नको? तसं लिहा. हा खरा कोड! विणायच्या आधी टाक्यांचं गणित मांडून रोध किती येईल ह्याचा अंदाज देणारं काहीतरी आपण लिहिलं तर कापडवाले डोक्यावर घेतील. पण त्यासाठी आधी त्यांच्या शेजारी बसायला लागेल, आणि टाका म्हणजे काय हे विचारायला लागेल.

आणि कापडवाले लांब आहेत का? लोधिवलीहून दीड-दोन तासांत ठाण्याला वूल रिसर्च असोसिएशन आहे, तिच्याकडे खेळांच्या तांत्रिक कापडाचं केंद्र आहे. घाटकोपरला बिट्रा, वरळीला सस्मिरा, माटुंग्याला व्हीजेटीआय आणि आयसीटी. जरा लांब इचलकरंजीला डीकेटीई. २०२० मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक वस्त्रांच्या राष्ट्रीय मिशनला १४८० कोटी रुपये मंजूर केले. ह्यातलं एकही नाव त्या २२ स्लाईड्सवर नव्हतं. एक अमेरिकन ॲपची तुलना मात्र तीन वेळा होती.

हॉस्टेलला माझा रूममेट टेक्स्टाईलचा होता, इचलकरंजीकडचा. आम्ही कॉम्प्युटरवाले त्याला "लुंगी इंजिनिअर" म्हणायचो. तोही हसायचा. कॅम्पसला त्याला आमच्याच सारख्या एका कंपनीने उचललं, कारण कापडाच्या नोकरीचा पगार ऐकून त्याच्या वडिलांनीच सांगितलं आयटीत जा. आज तो हिंजवडीत बँकेच्या लॉगिन स्क्रीन तपासतो. पट्ट्याच्या त्या प्रकरणानंतर मी त्याला फोन केला तर वीस मिनिटं थांबेना: धाग्याला पीळ किती, मुलामा नायलॉनवरच का बसतो, रिब का घेतली. सहा वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं म्हणाला. त्याचा शेजारच्या इमारतीतला क्यूबिकल आणि आमचा बक्षीसपात्र बनियन ह्यांच्यामध्ये फक्त एक पार्किंग आहे.

तर मी त्या चमूला सोमवारी मेल टाकलाय. (ढकलपत्र होऊन तो वरपर्यंत पोचला, हा वेगळा विषय.) मागण्या साध्या आहेत. चमूत एक कापडवाला घ्या, आणि तो "नाही" म्हणाला तर नाही. पहिल्या स्लाईडवर धागा, टाक्याची लांबी आणि किती धुण्यांनंतरचा विदा आहे ते लिहा. धुण्याची पद्धत आयएसओ ६३३० मध्ये दिलेली आहे, स्वतःची शोधू नका. आणि पट्टा अंगावर नसेल तर स्क्रीन कोरी दिसली पाहिजे. ह्यातली शेवटची मागणी सर्वात जास्त खटकली असं कळलं. कोरी स्क्रीन डेमोला वाईट दिसते.

बाबा आता बरे आहेत. परवा ओटीवर बसून त्यांनी दुसरा पट्टा हातात घेतला, काठाचा धागा दोन बोटांत चोळला आणि विचारलं, "डेनियर किती?"

मला माहीत नव्हतं. रिळावर लिहिलेलं होतं ते दुसऱ्याच कुठल्यातरी एककात, आणि मी ते कधी वाचलंच नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं, ९० मीटर मोज, सोनाराच्या काट्यावर वजन कर, शंभराने गुण. रीळ आईच्या डब्यात आहे. येत्या शनिवारी अंगणात दोन खुंट्या ठोकून मोजायला बसणार आहोत, चौकातल्या सोनाराशी बाबांचं बोलणं झालंय.